जखमी पक्षी सापडला तर? पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी आत्ता तुमच्या समोर पडलेला असेल, तर फक्त पहिली दोन उत्तरं वाचा आणि कामाला लागा. बाकीचं तो सुरक्षित हाती पोचल्यावर वाचलं तरी चालेल.

पक्षी जखमी दिसतोय. आत्ता, या क्षणी काय करू?

खोका शोधा. बुटांचा, पार्सलचा, किराणा सामानाचा, पुठ्ठ्याचा कुठलाही चालेल. पक्ष्याला नीट बसता यावं, पण पंख पसरून फडफड करता येऊ नये, एवढा. बाजूंना पेन्सिलीने आठ-दहा भोकं पाडा, आणि ती पक्षी आत ठेवण्याआधी पाडा. तळाला जुना सुती कपडा अंथरा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नखं अडकतात. मग दुसरा कपडा पक्ष्यावर डोक्यासकट अलगद टाका, पंख अंगाशी मिटलेले राहतील अशा बेताने दोन्ही हातांनी उचला, खोक्यात ठेवा, झाकण लावा. खोका शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. कुत्रा, मांजर, लहान मुलं आणि टीव्हीपासून लांब.

पाणी पाजू नका. खायला घालू नका. हळद लावू नका. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. तारेच्या पिंजऱ्यातही ठेवू नका, कारण तिथे तो बाहेर पडायला धडका मारतो आणि शाबूत पिसंही मोडून घेतो. पक्ष्याच्या लेखी आपण त्याला खायला आलेले प्राणी असतो. आपण प्रेमाने कुरवाळतो तेव्हा त्याला आपला शेवट जवळ आल्यासारखं वाटतं. अंधारात आपण दिसत नाही, म्हणून तो शांत होतो. पहिल्या तासात त्याला देता येण्यासारखी सगळ्यात मोठी मदत हीच आहे.

फोन कोणाला करायचा?

महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६, दिवसरात्र कधीही. पुण्यात बावधनला वनविभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट मिळून वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र चालवतात. शहरातले बहुतेक जखमी पक्षी तिथे पोचतात. पक्षी उंच झाडावर लटकलेला असेल तर अग्निशमन दल, १०१. विजेच्या तारेवर किंवा डीपीजवळ असेल तर आधी महावितरण, १९१२. प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत काठी, बांबू, पाइप काहीही वर नेऊ नका.

फोनवर चार गोष्टी सांगा: नेमकी जागा आणि जवळची खूण, पक्षी केवढा आहे (चिमणीएवढा, कबुतराएवढा की घारीएवढा), काय झालं असावं, आणि तो आत्ता खोक्यात आहे की मोकळा. जमलं तर एक फोटो काढून ठेवा. एकच पुरे.

संक्रांतीच्या आठवड्यात फोन लागायला वेळ लागेल, गाडी यायला त्याहून जास्त. अशा वेळी वाट बघत बसण्यापेक्षा खोका घेऊन तुम्हीच निघा. रिक्षात मांडीवर ठेवलेला खोका उत्तम. स्वतःच्या गाडीत गाणी बंद, एसीचा झोत खोक्यावर नको, आणि वाटेत झाकण उघडणं नको.

पाणीसुद्धा नाही? तो तहानेने व्याकूळ दिसतोय.

पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडतं. ड्रॉपरने किंवा झाकणाने चोचीत ओतलेलं पाणी सरळ त्या वाटेने आत जातं. पक्षी मान टाकतो, आणि आपल्याला वाटतं की जखमेने गेला. प्रत्यक्षात बेशुद्ध किंवा गलितगात्र पक्ष्याला गिळण्याचीच ताकद नसते.

तो शुद्धीत असेल, मान ताठ धरून बसला असेल आणि मदत यायला बराच वेळ असेल, तर उथळ झाकणात पाणी घेऊन खोक्यात एका कोपऱ्याला ठेवा. हवं तर तो स्वतः पिईल. दूध कधीच नाही. पक्षी पिल्लांना दूध पाजत नाहीत, त्यांच्या पोटाला ते पचवण्याची सोयच नाही. ब्रेड, भात, शेव, फरसाण यांचंही तेच. मोठा पक्षी एक रात्र उपाशी राहिला तर बिघडत नाही.

धरताना चावला, ओरबाडलं तर?

कोणापासून कुठे जपायचं ते ठाऊक असावं. घार, शिक्रा, घुबड यांची चोच भीतीदायक दिसते, पण इजा करतात ते पंजे. म्हणून कपड्याआडून आधी पाय सांभाळायचे. बगळा, वंचक, रातबगळा यांचा नेम थेट डोळ्यांवर असतो. त्यांना चेहऱ्यापासून हातभर लांब धरा, चष्मा असेल तर घाला. पोपट बोट सोलून काढतो.

आणि एक गोष्ट कधी विसरू नका: छाती दाबायची नाही. आपल्यासारखा छातीखालचा श्वासाचा पडदा (श्वासपटल) पक्ष्याला नसतो, छातीचं हाड पुढेमागे होऊनच त्याचा श्वास चालतो. घट्ट मुठीत धरलेला बुलबुल किंवा चिमणी हातातल्या हातात गुदमरू शकते. नंतर हात साबणाने धुवा, ओरखडा असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मांजात अडकलेला पक्षी मी स्वतः सोडवू का?

हाताच्या अंतरावर असेल तर हो, पण दोरा ओढून नाही. आधी कपडा टाकून पक्षी स्थिर करा, मग मांजा पक्ष्यापासून वीतभर अंतरावर कात्रीने कापा आणि अंगात गुंतलेला भाग तसाच ठेवून खोक्यात घाला. पंख मिटतो तिथे खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा असतो. मांजा नेमका त्यातच रुततो. तो ओढून काढला की पडदा आणि त्यातला स्नायुबंध फाटतो, आणि जो पक्षी टाक्यांनी उडू शकला असता तो कायमचा जमिनीवर येतो. रुतलेला दोरा कधी कधी रक्तही धरून ठेवतो. तो भूल देऊन डॉक्टरांनाच काढू द्या.

जखमेवर डेटॉल, आयोडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या पिशव्यांशी जोडलेलं असतं. हाड उघडं पडलेलं असेल तर ओतलेलं औषध थेट श्वासयंत्रणेत उतरतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं हलकं दाबून धरा. तेल, तूप, मलम काही नको. पिसांना चिकटपणा लागला की ती पाणी धरतात आणि ऊब राखत नाहीत.

पक्षी झाडाच्या शेंड्याला लटकत असेल तर १०१. गुलमोहराची किंवा रेन ट्रीची फांदी वरून भक्कम दिसते, पण मोडते. कृपा करून स्वतः चढू नका.

नायलॉन मांजावर बंदी आहे ना? मग पक्षी अजून का कापले जातात?

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. तरीही दर जानेवारीत तो मिळतो, कारण मागणी आहे. याच मांजाने पुलांवर दुचाकीस्वारांचे गळे चिरले जातात, तेव्हा त्याची बातमी होते. झाडात अडकलेल्या घारीची होत नाही.

संक्रांतीच्या सुमारास घारींचा विणीचा हंगाम असतो. एक घार कापली गेली की अनेकदा घरट्यातली अंडी किंवा पिल्लंही गेली. शिवाय संक्रांत संपली तरी मांजा संपत नाही. नायलॉन कुजत नाही, पिंपळाच्या फांदीवर तो पुढच्या पावसाळ्यातही तसाच असतो. जून-जुलैमध्ये बगळे घरट्यासाठी झाडावर उतरतात तेव्हा त्यांचे पाय त्यात गुंततात. घरटं बांधताना कावळे दोऱ्याचे तुकडे आणतात आणि पिल्लाच्या पायाला त्याचा फास बसतो.

काचेची पूड लावलेला साधा सुती मांजाही पंख चिरतो, हे सरळ सांगायला हवं. पतंग उडवायचाच असेल तर बिनकाचेचा साधा सुती दोरा घ्या, आणि सकाळी उजाडताना व संध्याकाळी पक्षी रातथाऱ्याला परततात त्या वेळी आकाश त्यांना मोकळं सोडा. नायलॉन मांजा विकताना कोणी दिसला तर ११२ वर पोलिसांना कळवा. संक्रांतीनंतरच्या रविवारी सोसायटीतली मुलं घेऊन गच्ची, कुंपण आणि हाताला येणाऱ्या फांद्यांवरचा मांजा गोळा करा. मात्र गुंता तसाच कचऱ्यात टाकू नका. बारीक तुकडे करून टाका, नाहीतर तो कचऱ्याच्या ढिगावर चरणाऱ्या कावळ्यांच्या पायात जातो.

पिल्लू घरट्यातून पडलंय. काय करू?

आधी नीट बघा, मग हात लावा. मार्च ते ऑगस्ट या काळात ज्या पिल्लांना लोक ‘वाचवून’ आणतात, त्यांतल्या पुष्कळांना वाचवण्याची गरजच नसते. आपण त्यांना आईबापांकडून उचलून आणलेलं असतं.

अंगावर पिसं आहेत, शेपटी आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, फांदीवर बसता येतंय: हे उडायला शिकणारं पिल्लू. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा यांची पिल्लं उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस जमिनीवर, झुडपात काढतात. आईबाप आसपास असतात, ते तिथेच भरवतात. मांजर, कुत्रा किंवा रहदारीचा धोका असेल तर त्याला उचलून जवळच्याच झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवा आणि लांबून, खिडकीआडून, तासभर लक्ष ठेवा. तुम्ही जवळ उभे राहिलात तर आई येणार नाही.

अंग उघडं, डोळे मिटलेले, पिसांच्या नुसत्या काड्या: हे घरट्यातलं पिल्लू. त्याला ऊब हवी. ओंजळीत धरून अंग गरम होऊ द्या. घरटं सापडलं आणि हाताला आलं तर सरळ परत ठेवा. घरटंच पडलं असेल तर छोटी परडी किंवा तळाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात जुनं घरटं किंवा वाळलेलं गवत घाला आणि त्याच झाडाला, ऊन-पाऊस लागणार नाही अशा जागी घट्ट बांधा. बहुतेक वेळा आईबाप ते स्वीकारतात. दिवस मावळेपर्यंत कोणीच आलं नाही, किंवा पिल्लाला जखम, मुंग्या, अळ्या दिसल्या, तर फोन करा.

घुबडाचं पिल्लू मात्र फसवतं. पिंगळ्याची पिल्लं नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर येऊन फांद्यांवर बसू लागतात आणि कधी खाली पडतात. कावळे त्यांच्यामागे लागतात. अशा पिल्लाला दिवसभर खोक्यात ठेवा आणि संध्याकाळी, कावळे गेल्यावर, त्याच ढोलीजवळच्या फांदीवर बसवा. अंधार पडल्यावर आईबाप हाक ऐकून येतात.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते म्हणतात. खरं का?

नाही. पक्षी पिल्लाला वासाने नव्हे, आवाजाने आणि जागेवरून ओळखतात. ही समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आणि तिच्यापायी कितीतरी पिल्लं घरट्याखाली तशीच पडून राहिली. बिनधास्त उचला, परत ठेवा. आई टाकते ती आपण घरट्याभोवती सतत घुटमळत राहिलो तर, किंवा फोटोसाठी फांद्या कापून घरटं उघडं पाडलं तर.

काळ्या ठिपकेदार पिल्लाला कावळे भरवतायत आणि दुसरे कावळे हाकलतायत. हे काय?

ते कोकिळेचं पिल्लू असणार. कोकिळा अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, आणि कावळेच ते पिल्लू वाढवतात. मोठं होऊन बाहेर पडलं की आवाज आणि रूप बदलू लागतं आणि आसपासचे कावळे त्याला टोचतात. जखम नसेल तर दाट झाडीत सोडून द्या. जखम असेल तर खोका.

पिल्लू मी घरीच वाढवलं तर? मुलांनाही आवडेल.

नका वाढवू. मनापासून सांगतो, नका.

लहान पिल्लाला दिवसभरात दर अर्ध्या-पाऊण तासाने भरवावं लागतं, आणि काय भरवायचं ते जातीगणिक वेगळं. बुलबुल आणि साळुंकीच्या पिल्लांना किडे लागतात, कबुतराच्या पिल्लाला आईबापांच्या अन्नपिशवीतलं घट्ट पोषक द्रव, शिक्रा-घुबडाला हाडामांसासकट सबंध शिकार. बिस्किट आणि डाळभातावर वाढलेल्या पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात. ते जगतं, पण उडत नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या हातून खात वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजू लागतं. कोणत्या आवाजाला घाबरायचं, मांजर म्हणजे काय, जातभाईंशी कसं बोलायचं, हे ते शिकत नाही. गच्चीवरून सोडल्यावर ते पहिल्या भेटलेल्या माणसाच्या खांद्यावर बसायला जातं. उपचार केंद्रात म्हणूनच एका जातीची पिल्लं एकत्र वाढवतात, भरवताना चेहरा झाकतात, गप्प राहतात. मुलांना पक्षी दाखवायचे असतील तर रविवारी सकाळी पाषाण तलावावर, वेताळ टेकडीवर किंवा कवडीपाटला घेऊन जा. तिथे ते पक्षी म्हणून जगताना दिसतील.

एप्रिल-मेमध्ये घारी झाडाखाली बसलेल्या दिसतात. उष्माघात?

बहुतेकदा उष्माघात आणि शरीरातलं पाणी कमी होणं. चोच उघडी, पंख पडलेले, उडायची ताकद नाही. सावलीत, वारा येईल अशा जागी खोक्यात ठेवा. अंगावर गार पाणी ओतू नका, पाय हवे तर साध्या पाण्याने ओले करा. उथळ पसरट भांड्यात पाणी समोर ठेवा. दोन-तीन तासांत तरतरी आली नाही तर फोन करा, कारण उन्हाबरोबर आतली जखमही असू शकते.

गच्चीवर पाणी जरूर ठेवा, पण भांडं उथळ हवं, आत एखादा दगड हवा, आणि रोज घासून पाणी बदलायला हवं. आठवडाभर साचलेल्या हिरव्या पाण्यातून आजार पसरतात. त्यापेक्षा भांडं न ठेवलेलं बरं.

पक्षी काचेवर आपटून पडलाय, पण रक्त नाही.

खोका, अंधार, दोन तास. मग बाहेर झाडाजवळ नेऊन झाकण उघडा. उडाला तर उत्तम. मान वाकडी, डोळ्याची एक बाहुली मोठी, तोल जातोय, असं काही दिसलं तर मेंदूला मार आहे, त्याला केंद्रातच न्या. हवेत उडवून ‘उडतोय का बघू’ असं करू नका.

मेअखेर ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरच्या आसपास एखादा रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा ऑफिसच्या काचेखाली सापडला, तर तो नवरंग असण्याची शक्यता मोठी. तो रात्री स्थलांतर करतो. शहरातले दिवे त्याला भुलवतात, काचा त्याला थांबवतात. आपला राज्यपक्षी हरियलही वड-पिंपळाची फळं खाऊन भरधाव निघतो आणि शेजारच्या काचेवर आदळतो. बाणेर, बालेवाडी, खराडीकडच्या काचेच्या इमारतींना बाहेरून चार-चार बोटांवर ठिपके किंवा पट्ट्या लावल्या तर हे पुष्कळ थांबेल. ससाण्याचा एकच स्टिकर चिकटवून काही होत नाही.

छोटा काळा पक्षी जमिनीवर पडलाय, पंख लांब, पाय जवळजवळ नाहीतच.

पाकोळी. पुलांखाली आणि जुन्या इमारतींच्या छपरात तिच्या वसाहती असतात. पाय इतके आखूड की सपाट जमिनीवरून तिला उडणं अवघड जातं. पंख सारखे आणि शाबूत असतील तर उघड्या तळहातावर ठेवून मोकळ्या जागी हात उंच धरा. फेकू नका. ती क्षणभर थरथरेल आणि जाईल. नाही गेली तर खोका.

मांजराने धरलेला पक्षी सोडवला. जखम दिसत नाही, सोडून देऊ?

नाही. मांजराच्या दातांची भोकं पिसांखाली दिसत नाहीत आणि तिच्या लाळेतले जिवाणू पक्ष्याला एक-दोन दिवसांत मारतात. त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक मिळायला हवं.

उंदरांच्या चिकट पॅडवर अडकलेल्या पक्ष्यालाही ओढू नका. उघड्या चिकट भागावर कागद किंवा पीठ टाका, पॅडसकट खोक्यात ठेवून न्या. आणि असे पॅड उघड्यावर ठेवूच नका.

घराच्या माळ्यावर पांढऱ्या तोंडाची घुबडं फिसकारतायत. अपशकुन तर नाही ना?

ते गव्हाणी घुबडाचं कुटुंब आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत ही घुबडं माणसाच्या सोबतीने राहत आली आहेत. रात्रभर ती उंदीर-घुशी धरतात. गव्हाणी हे नावच गुरांच्या गव्हाणीवरून चालत आलंय. पिल्लं फिसकारतात ती भुकेने आणि भीतीने. साधारण दोन-अडीच महिन्यांत ती उडून जातात. तेवढं थांबा, मग हवं तर जागा जाळीने बंद करा.

दिवाळीच्या अमावास्येला पैशाच्या लोभाने, पूजेच्या नावाखाली घुबडं पकडली आणि मारली जातात. लक्ष्मीच्या वाहनाला मारून लक्ष्मी मिळवू पाहणारे लोक आपल्या आसपास आहेत, याचा संताप येतो. असं काही कानावर आलं तर गप्प बसू नका, १९२६ वर कळवा.

जखमी पक्षी घरी ठेवला तर गुन्हा होतो का?

मदत करणं गुन्हा नाही, ठेवून घेणं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत अंडी आणि घरटी नष्ट करणंही येतं. आपला राघू, म्हणजे साधा हिरवा पोपट, आणि ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा मोठा पोपटही पाळता येत नाही, मग तो कितीही वर्षं घरात असो. असा पोपट गच्चीवरून सोडून देऊ नका. पंख छाटलेला, माणसाळलेला पोपट दिवसभरही टिकत नाही. वनविभागाशी बोला. बजरीगर, कॉकाटील हे परदेशी पिंजऱ्यातले पक्षी. सापडला तर आसपास चौकशी करा, कोणाचा तरी चुकलेला असतो.

केंद्रात नेल्यावर पुढे काय होतं?

लगेच शस्त्रक्रिया होत नाही. आधी ऊब, अंधार, सलाइन, वेदनाशामक. स्थिर झाल्यावर तपासणी आणि एक्स-रे. पक्ष्याची हाडं लवकर जुळतात, साध्या मोडीला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणूनच पहिल्या एक-दोन दिवसांत योग्य बांधणी होणं इतकं महत्त्वाचं. वाकडं जुळलेलं हाड पुन्हा सरळ करणं फार कठीण. पट्टी जास्त दिवस राहिली तर सांधा आखडतो, मग भूल देऊन पंखाचा व्यायाम करून घ्यावा लागतो.

औषधाची निवड हा तर स्वतंत्र विषय. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि भारतातली गिधाडं बघता बघता संपत आली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवर. तेव्हा घरातली दुखण्यावरची गोळी चुरून पक्ष्याला देण्याचा विचार मनातही आणू नका.

जखम भरल्यावर खरं काम सुरू होतं. खोक्यात पडून पंखांचे स्नायू आटलेले असतात. पक्षी मोठ्या उड्डाण पिंजऱ्यात जातो, रोज थोडं जास्त उडतो. मुख्य पिसं मोडली असतील तर ती पुढच्या पिसगळतीपर्यंत येत नाहीत. अशा वेळी त्याच जातीच्या पक्ष्याची गळलेली पिसं बारीक काडीच्या आधाराने जोडतात. शिकारी पक्ष्याला शिकार करता येते का, वळताना दम लागतो का, उतरताना तोल जातो का, हे सगळं पाहिल्यावरच तो सुटतो. शक्यतो जिथे सापडला तिथेच, कारण तो परिसर, तिथलं पाणी, तिथला जोडीदार त्याला माहीत असतो. दिवसाचे पक्षी सकाळी, घुबडं तिन्हीसांजेला.

मी आणलेल्या पक्ष्याला भेटायला येऊ का?

तुमची माया कळते. पण प्रत्येक नवा चेहरा त्याला पुन्हा घाबरवतो. फोन करून जरूर विचारा, ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सगळे वाचतात का?

नाही. मांजाने पंखाचा सांधाच कापला गेला असेल, विजेच्या धक्क्याने पंख जळला असेल, तर पुष्कळदा काही करता येत नाही. आकाशात तासन् तास तरंगणारी घार उरलेली वर्षं कोपऱ्यात बसून काढणार असेल आणि वेदना संपणार नसतील, तर डॉक्टर तिला वेदनेविना निरोप देतात. हा निर्णय कोणालाही सोपा जात नाही. तुम्ही आणलेल्या पक्ष्याबाबत असं झालं, तर तुमचं आणणं फुकट गेलं असं समजू नका. रस्त्याच्या कडेला, मुंग्या लागून, दोन दिवस तडफडत मरण्यातून तुम्ही त्याला सोडवलंत.

एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर?

हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्याला दूर ठेवा, महापालिका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, तेव्हा ठिकठिकाणी मेलेल्या कावळ्यांकडेही लक्ष ठेवावं लागलं. एखादा पक्षी मेलेला दिसला म्हणजे साथ आली असं मात्र नाही.

वटवाघूळ मांजात अडकलंय. त्याचंही हेच?

फोन तोच, पण उघड्या हाताने अजिबात धरू नका, कपड्यानेही नको. ते चावलं तर रेबीजची लस लगेच घ्यावी लागते. लोकांना लांब ठेवा आणि मदतीची वाट बघा.

आमच्या सोसायटीला काय करता येईल?

कबुतरांसाठी लावलेल्या जाळ्या ताणून बसवा. सैल, फाटक्या जाळीत बुलबुलापासून शिक्र्यापर्यंत कोणीही लटकतं, आणि वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये ते कोणाला दिसतही नाही. पावसाळ्याआधीच्या फांदीछाटणीला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी तर लागतेच, पण परवानगी असली तरी कापायच्या आधी झाडावर घरटी आहेत का ते दुर्बिणीने पाहा. असली तर काम पुढे ढकला. पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत झाडावर बसली की खाली गाड्या खराब होतात, वास येतो, हे खरं आहे. गाड्या तेवढे दिवस दुसरीकडे लावता येतात. पिल्लांनी भरलेली फांदी तोडली की ती पिल्लं सगळीच्या सगळी खाली येतात. आणि वॉचमनकाकांकडे एक रिकामा खोका, एक सुती कपडा आणि १९२६ हा नंबर ठेवून द्या. रात्री अकरा वाजता तेच जागे असतात.

पक्ष्याच्या पायात धातूचं वळं किंवा रंगीत पट्टी आहे. काढू का?

काढू नका. संशोधकांनी घातलेलं ते ओळखचिन्ह आहे. त्यावरचे आकडे आणि अक्षरं नीट वाचून लिहून घ्या, स्पष्ट फोटो काढा, जागा व तारीख नोंदवा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी मेलेला असला तरी कळवा. भिगवणला हिवाळ्यात उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी एखादा कुठून आला, वाटेत कुठे थांबला, हे अशाच नोंदींतून कळत जातं. पक्षी जखमी असेल तर वळ्याचा तपशील खोक्यावरच लिहून केंद्रात द्या.